लू सुटली की शेळ्या-मेंढ्यांसाठी काय करायचं

ग्वाल्हेरला मे महिन्यात दुपारी पारा ४५ च्या आसपास असतो, नवतपात त्याच्याही वर. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की पहिले नऊ दिवस नवतपा. विदर्भातल्या माणसांना हे वेगळं सांगायला नको. अशा दुपारी तिघरा धरणाकडच्या खडकाळ माळावर शेळ्या बाभळीखाली उभ्या राहून रवंथ करताना दिसतात. त्याच दुपारी पक्क्या शेडमध्ये बांधलेल्या शेळ्या जीभ बाहेर काढून धापा टाकत असतात. शेळ्या त्याच, ऊनही तेच. शेळी-मेंढीला ऊन सोसायची कला उपजत येते. आपण पत्रा, दावं, खुराकाची वेळ आणि लोकरीची कात्री यांनी ती कला निकामी करतो. म्हणून खाली सांगितलेल्यातलं निम्मं काम म्हणजे तिच्या वाटेतून बाजूला होणं.

मी राहते लष्करात, शिंद्यांच्या छावणीत. शेळ्या आहेत गावाबाहेर, तिघरा रोडला: बऱ्याचशा बरबरी, थोड्या जमनापारी आणि मेंढ्यांचा एक लहान कळप. जालन्याच्या भाच्यानं उस्मानाबादी शेळ्यांची शेड टाकली आणि एप्रिल उजाडला की त्याचे फोन सुरू होतात. "मावशी, फॉगर, ते पाण्याचं धुकं उडवणारं यंत्र, लावू का? कूलर चालेल का?" मी म्हणते, अरे बाबा, आधी श्वास मोजायला शीक, मग यंत्रं घे.

श्वास मोजायचा कसा

दुपारी तीनच्या सुमारास सावलीत निवांत असलेल्या शेळीच्या बाजूला थोड्या अंतरावर उभे राहा आणि तिची कूस बघा. कूस फुगून खाली बसली की एक. पंधरा सेकंद मोजा आणि चारनं गुणा. नुकत्याच चालून आलेल्या किंवा तुम्हाला बघून बिचकलेल्या जनावराचा आकडा धरू नका. थंड वेळी शेळीचा श्वास मिनिटाला १५ ते ३० असतो, मेंढीचा किंचित जास्त. ४० ते ६० म्हणजे ऊन जाणवतंय, पण ती निभावते आहे. ८० च्या पुढे गेली की त्रास सुरू झाला. मेंढी तर २०० पर्यंत जाते. तेव्हा तिची कूस हलत नाही, नुसती थरथरते.

आकड्याइतकंच तोंडाकडे बघा. शेळी-मेंढीला घाम बेताचाच येतो, शेळीला थोडा जास्त, पण अंगातली बरीचशी उष्णता बाहेर जाते ती श्वासावाटेच. तोंड मिटून, नाकानं भराभर श्वास घेतला की नाकाच्या ओल्या अस्तरावरून वारा जातो आणि तिथलं रक्त थंड होतं. हे थंड रक्त मेंदूच्या तळाशी जातं. तिथे बारीक धमन्यांचं एक जाळं असतं; मेंदूकडे निघालेलं गरम रक्त त्यात निवतं आणि मग वर चढतं. अंग तापलं तरी मेंदू थोडा थंड राहतो तो असा. म्हणून मिटल्या तोंडानं भराभर श्वास घेणारी मेंढी अजून लढते आहे. मान ताणून, तोंड उघडून, जीभ काढून खोल श्वास घ्यायला लागली की तिची हद्द झाली असं समजा.

याच कारणासाठी मेंढ्यांची नाकं तपासा. भर उन्हात मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून गोल उभ्या राहतात. ते सावलीसाठी असतं आणि नाकाशी घोंघावणाऱ्या माशीपासून बचावासाठीही. ती माशी नाकपुडीत अळ्या सोडते. मेंढी सारखी शिंकत असेल आणि नाकातून घट्ट शेंबूड येत असेल तर नाकात अळी आहे असं धरून डॉक्टरांना दाखवा. नाक चोंदलेल्या मेंढीचा मेंदू थंड व्हायचा कसा?

आता खरी मोजणी. तीच शेळी पहाटे पाचला पुन्हा मोजा, आणि जमलं तर गुदद्वारात थर्मामीटर लावा. शेळीचं शरीर साधारण ३८.५ ते ३९.५ अंशांत असतं. वाळवंटी जातीची जनावरं दिवसा एखादा अंश चढू देतात आणि साठलेली उष्णता रात्री उघड्या आकाशाखाली सोडून देतात. पाणी वाचवायची ही त्यांची रीत. दुपारी ४० दिसलं तर मी घाबरत नाही. पहाटेही ४० असेल आणि श्वास ४० च्या वर असेल, तर मात्र रात्र फुकट गेली. पुढच्या दिवसाची सुरुवातच उसनवारीनं झाली आणि अशा तीन-चार रात्री ओळीनं गेल्या की जनावर खाणं टाकतं.

रात्रीचा मुक्काम

उन्हाळ्यात सगळे दुपारची काळजी करतात. मी रात्रीची जास्त करते. ग्वाल्हेर दगडाचं गाव. आमच्या जुन्या घरांच्या भिंती दगडी आणि छतंही दगडी पटियांची. रात्री नऊला अशा भिंतीवर तळहात ठेवून बघा, हात काढून घ्यावासा वाटतो. दिवसभर प्यायलेलं ऊन ती भिंत पहाटेपर्यंत ओकत असते. काँक्रीटचं तेच. त्या चार भिंतींत शेळ्या कोंडल्या तर पंख्यानं काही होत नाही, तो गरम हवाच फिरवतो.

म्हणून एप्रिलच्या मध्यापासून पहिल्या पावसापर्यंत शेळ्या रात्री उघड्यावर ठेवा. मातीची जमीन, चारी बाजूंनी वारा, वर आकाश. कुत्री आणि कोल्हे यांचं भय असतं, त्यासाठी डोक्याइतकी उंच लोखंडी जाळी लावा आणि तिला बाहेरून बोरीच्या काट्यांची वई घाला. काटे स्वस्त पडतात आणि कुत्रं जाळी उकरत असेल तर काट्याला भितं. तुमच्याकडे बिबट्या असेल तर हा सल्ला तुमच्यासाठी नाही. मग वरूनही जाळी टाका, पण पत्रा नको.

जमीन मातीचीच हवी. शेळी बसण्याआधी पुढच्या खुरानं जमीन खरवडते ते बघितलंय ना? वरची तापलेली धूळ बाजूला सारून खालच्या गार थरावर ती पोट टेकवते. फरशीवर तिला हे करता येत नाही. शेड बांधतानाच अर्ध्या भागात माती-मुरूम ठेवा.

दुपारची सावली

सर्वांत उत्तम कडुलिंब किंवा बाभूळ. झाडाची सावली आणि पत्र्याची सावली यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण पान स्वतः तापत नाही, ते पाणी सोडत राहतं. पत्रा तापतो आणि खाली उभ्या जनावराच्या पाठीवर वरून शेकोटी लागते.

झाड नाही आणि पत्राच आहे, तर पत्र्यावर चुन्याचे दोन हात मारा, चुन्यात थोडा फेविकॉल घाला म्हणजे पहिल्या वाऱ्यानं उडणार नाही. त्यावर बांबूची चौकट करून एक वीतभर मोकळी जागा सोडा आणि वर सिरकी, उसाचं पाचट, गवत, जे मिळेल ते अंथरा. मधली मोकळी हवा महत्त्वाची, पाचट थेट पत्र्यावर टाकलं तर अर्धा फायदा जातो. शेड पूर्व-पश्चिम लांब ठेवा, कडेला निदान दहा फूट उंच, आणि उत्तर-दक्षिण बाजू मोकळ्या. भाच्याची शेड कडेला सात फूट आहे. फॉगरचे पैसे त्यानं छत उचलण्यात घातले असते तर बरं झालं असतं; हे त्याला तोंडावर सांगून झालंय, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही.

लू पश्चिमेकडून येते. त्या बाजूला वाळ्याची टट्टी किंवा ओलं गोणपाट टांगा आणि दुपारी अकरा ते चार अधूनमधून पाणी मारा. हवा कोरडी असते तोवर हा उपाय अप्रतिम चालतो. मात्र फक्त त्याच बाजूला टांगा, बाकीच्या उघड्या ठेवा. चारी बाजूंनी गोणपाट बांधलं की आत दमट कोंडवाडा तयार होतो आणि शेळीचा श्वास निकामी होतो, कारण दमट हवेत नाकातलं पाणी सुकतच नाही.

दावं शक्यतो सोडा. मोकळी शेळी सूर्याकडे तोंड किंवा पाठ करून उभी राहते, म्हणजे कुशीवर कमी ऊन पडतं. सावली सरकली की तीही सरकते. बांधलेल्या शेळीला सावली सोडून गेली तरी तिथेच उभं राहावं लागतं. आणि शिंगं जाळू नका. शेळीच्या शिंगात रक्त खेळतं, उन्हात शिंगाला हात लावला तर गरम लागतं, ती उष्णता बाहेर टाकण्याची जागा आहे. जमनापारीचे ते वीतभर लोंबते कान आहेत ना, तेही याच कामाचे.

पाणी

हिवाळ्यात दोन-तीन लिटर पिणारी शेळी मे महिन्यात त्याच्या दुप्पट-तिप्पट पिते, दुभती असेल तर आणखी जास्त. हे सगळ्यांना माहीत असतं. पाणी कुठे ठेवायचं याकडे कुणी बघत नाही. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी चहासारखं असतं आणि ते पिऊन शेळी थंड होत नाही. मातीची नांद किंवा रांजण जमिनीत अर्धा गाडा, झाडाखाली ठेवा आणि पहाटे भरा. नांद रोज घासा. शेळी चोखंदळ, लेंडी पडलेलं पाणी ती हुंगून सोडते आणि तहानलेली राहते. मेंढी पिते आणि आजारी पडते.

सिनाईच्या वाळवंटातल्या बेदुईन लोकांच्या काळ्या शेळ्या दोन ते चार दिवसांतून एकदा पाण्यावर येतात. वजन चौथाईनं घटलेलं असतं, आणि एका बैठकीत वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पाणी पिऊन पुन्हा निघतात. पोटाचा पहिला कप्पा त्यांची टाकी, तिथून पाणी रक्तात सावकाश झिरपतं. त्यांची मूत्रपिंडंही लघवी अगदी घट्ट करून पाणी राखतात. हे ऐकून भाचा म्हणाला, "म्हणजे आपल्यालाही एक दिवसाआड चालेल!" नाही चालणार. ती शेकडो पिढ्यांची कमाई आहे. आपल्या गोठ्यात चोवीस तास पाणी समोर हवं. आणि एखाद्या दिवशी काही कारणानं जनावरं तहानलेली राहिलीच, तर आधी थोडं, मग अर्ध्या तासानं आणखी थोडं, असं द्या. विशेषतः करडांना. तहानलेल्या करडानं एकदम पोटभर पाणी प्यायलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी लाल होते.

खाणं कधी

इथे बहुतेकांची वेळ चुकते. चारा पोटात आंबतो तेव्हा उष्णता तयार होते, आणि जितका चारा राठ, भुसकट, तितकी ती जास्त. सकाळी दहाला गव्हाचा भुसा पोटभर घातला तर त्याची भट्टी नेमकी दुपारी दोनला पेटते, बाहेर लू असताना. ग्वाल्हेरचे गडरिये कळप पहाटे पाच-साडेपाचला काढतात, नऊपर्यंत झाडाखाली आणतात आणि पुन्हा ऊन उतरल्यावर सोडतात. आमच्या राखणदाराला कुणी हे शिकवलं नाही. त्याच्या आज्याला तसं करताना त्यानं पाहिलं होतं.

बंदिस्त पाळणाऱ्यांनीही हेच करावं. भुसा रात्री. सकाळी लवकर हिरवा पाला: बोर, सुबाभूळ, शिरीष, पिंपळ, कडुलिंब, जे मिळेल ते. दुपारी काही नाही, फक्त पाणी आणि खनिजाची वीट. खुराक संध्याकाळी ऊन उतरल्यावर, थोडा थोडा. धापा टाकताना शेळीच्या अंगातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि रक्ताचा तोल बिघडतो. लाळ गळते, रवंथ कमी होतं, मग पोटाला सोड्यासारखं सावरणारी लाळ कमी पोचते. त्यात मक्याचा भरडा जास्त झाला की पोट आंबतं. खुराकाच्या किलोमागे १० ग्रॅम खाण्याचा सोडा मिसळा. मोहरीची पेंड आमच्याकडे मुबलक, मुरैना-भिंडचा पट्टाच मोहरीचा, पण उन्हाळ्यात ती हात राखून घालते.

एक सावधगिरी: पाण्याअभावी खुरटलेली, गुडघ्याएवढी कोवळी चरी, म्हणजे ज्वारीचा हिरवा चारा, कधीही घालू नका. तिच्यात सायनाइडचं विष असतं आणि शेळी काही मिनिटांत आडवी होते. लोक त्याला उष्माघात समजतात.

लोकर

"एवढ्या लोकरीत किती गरम होत असेल!" असं म्हणून लोक मे महिन्यात मेंढी भादरतात. लोकर बाहेरचं ऊन अडवते. भर उन्हात लोकरीचं टोक ८० अंशांच्या वर तापू शकतं आणि त्याच वेळी खालची कातडी चाळिशीच्या आसपास असते. उन्हात आपण छत्री घेऊन फिरतो, तशी ही मेंढीची छत्री; ती ऐन दुपारी काढून घेऊ नका.

पण हिवाळ्याची जाडजूड लोकर तशीच ठेवणंही बरोबर नाही, त्यातून वारा जात नाही. मारवाडातले रायका मेंढपाळ हिवाळ्याच्या तोंडावर कळप घेऊन मध्य प्रदेशात उतरतात आणि पावसाच्या सुमारास परततात. शिवपुरीच्या बाजूला त्यांचे तळ पडतात. त्यांची लोकर कापणी होळीच्या आगेमागे होते. मग मेपर्यंत बोटभर लोकर वाढते, ऊन अडेल इतकी दाट आणि वारा खेळेल इतकी विरळ. हाच मुहूर्त धरा. एप्रिल उलटल्यावर कात्री लावू नका.

बोकड, मेंढा आणि गाभण

उन्हाचा फटका बोकडाला बसतो आणि तो दिसतो दीड-दोन महिन्यांनी. बीज तयार व्हायलाच जवळजवळ सात आठवडे लागतात. म्हणजे नवतपात तापलेला बोकड जुलैत शेळ्या लावेल, पण त्या उलटतील, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर येतील, आणि दोष शेळ्यांवर जाईल. सर्वांत गार जागा त्याला द्या. मेंढ्याच्या वृषणावरची लोकर कापून ठेवा. तिथे मात्र लोकर नकोच.

नुकत्याच फळलेल्या शेळीला पहिला आठवडा-दोन आठवडे उन्हात चालवू नका, गर्भ तेव्हा फार नाजूक असतो. शेवटच्या दोन महिन्यांतल्या गाभणीला ऊन लागलं तर वार लहान राहते आणि करडं कमी वजनाची होतात.

बाहेरून जनावर आणायचं असेल तर थंडीत आणा. वाळवंटातली सिरोही, मारवाडी असोत नाहीतर इकडची बरबरी, नव्या जागेला रुळायला दोन-तीन आठवडे लागतातच. विलायती रक्ताच्या संकरांना त्याहून जास्त जपावं लागतं. गेली काही वर्षं बकरीद मे-जूनच्या उन्हात येते आहे, त्यामुळे बोकडांचे ट्रक नेमके वाईट दिवसांत निघतात. रात्री भरा, सूर्य वर येण्याआधी उतरवा, गाडी धाब्यावर उन्हात उभी करू देऊ नका. चालती गाडी वारा देते, उभ्या गाडीत बोकड मरतात.

उष्माघात झालाच तर

तोंड उघडं, डोळे थिजलेले, चाल झोकांड्या खाणारी, ताप ४१ च्या वर. आधी सावलीत न्या, मग १९६२ वर फोन लावा. पशुवैद्यकीय फिरत्या गाडीचा हा नंबर मध्य प्रदेशात आणि महाराष्ट्रातही चालतो. गाडी येईपर्यंत हातावर हात धरून बसू नका. साधं गार पाणी, बर्फाचं नको, पोटाखाली, मांड्यांच्या आत, पायांवर आणि डोक्यावर ओता आणि पुठ्ठ्यानं किंवा पंख्यानं वारा घाला. पाणी आणि वारा दोन्ही मिळून काम करतात. मेंढीच्या पाठीवरच्या लोकरीवर बादल्या ओतण्यात अर्थ नाही, तिला खालून, जिथे लोकर नाही तिथे भिजवा. दर पाच मिनिटांनी ताप बघा आणि ३९.५ च्या जवळ आला की थांबा, नाहीतर तो खाली घसरत जातो.

आडव्या पडलेल्या, मान न सावरणाऱ्या जनावराच्या तोंडात बाटली खुपसू नका. पाणी फुफ्फुसात जातं आणि उन्हातून वाचलेली शेळी न्यूमोनियानं जाते. उठून बसली, गिळू लागली की लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजा.

पाऊस आल्यावर

जूनच्या शेवटी आमच्याकडे पाऊस येतो आणि पारा उतरतो. लोक निर्धास्त होतात, पण ३५ अंशांची उमस शेळीला कोरड्या ४३ पेक्षा जड जाते. पहिल्या सरीनंतर वाळ्याच्या टट्ट्या आणि गोणपाट काढून टाका, फॉगर असेल तर बंद करा, जमीन कोरडी ठेवा आणि आता पंखे लावा. आता त्यांचा उपयोग आहे. आंत्रविषाराची (आतड्यातल्या विषबाधेची) लस त्याआधीच, मे अखेरपर्यंत, पहाटेच्या वेळी टोचून घ्या. पावसानं उगवलेल्या कोवळ्या गवतावर कळप सोडताना आधी थोडा कोरडा चारा घाला, आणि श्वास मोजायचं सप्टेंबरपर्यंत थांबवू नका.